जिन्यातली हाक

१

मी एकदा आमच्या गावच्या रवळनाथाला नवस बोलले होते, की माझ्या माणसाला चांगला साहेब मिळू दे. पगाराचं काही बोलले नव्हते, शकु. फक्त साहेब चांगला मागितला होता.

तुझं लग्न होऊन तू आमच्या शेजारी राहायला आलीस, त्याच्या आधीची गोष्ट. गिरणीचा संप लांबत गेला, दार काही पुन्हा उघडलं नाही, आणि आम्ही लालबागची खोली सोडून इथे मुलुंडला आलो. ह्यांनी मिळेल ते काम धरलं. भांडुपच्या एका गोडाऊनमध्ये होते, तिथला मुकादम सगळ्यांच्या देखत आईवरून शिव्या द्यायचा. एके दिवशी हे घरी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले आणि घास हातात धरून तसेच बसून राहिले. भात निवला तरी घास हातातच. मी उठले, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. बा रवळनाथा, माझ्या माणसाला माणसासारखा वागवणारा साहेब दे. तोवर मी पायांत चप्पल घालणार नाही.

उन्हाळा होता. बाजारात जाताना डांबर पायाला चिकटायचं. बायका हसायच्या. मला मात्र प्रत्येक चटक्याला वाटायचं, आपलं म्हणणं वर पोचतंय.

आणि पोचलं. चेकनाक्याच्या बाजूला शाळेच्या मुलांच्या कंपासपेट्या बनवायचा कारखाना होता, तिथे ह्यांना ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी खालच्या जिन्यातून हाक आली.

"प्रेमा गोऽ, इलंय!"

प्रेमा, आलोय, एवढंच सांगणारी, लालबागला रोज यायची ती हाक. गिरणी बंद पडल्यापासून बंद होती. चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशी, शेवटाला जराशी वर चढणारी. माझ्या हातात कणीक होती. मी तशीच दारात गेले आणि नेहमीचं उत्तर दिलं, "येवा, दार उघडाच आसा!"

दुसऱ्या दिवशी मी चप्पल घातली.

२

साहेबांचं नाव चंद्रप्रकाश. आडनाव मी कधी ऐकलं नाही. ह्यांनीही विचारलं नव्हतं.

काय सांगू तुला, किती गुण! कोणाची आई आजारी, कोणाच्या पोराचं बारसं, सगळं तोंडपाठ. चुकलं तर बाजूला घेऊन सांगणार, आवाज चढवणार नाही. दुपारी केबिनमध्ये एकटं न जेवता कामगारांत पथारीवर बसणार. आणि एक रीत होती त्यांची. नवीन माणूस लागला की त्याच्या घरी रविवारी जेवायला यायचं. साहेब आपल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसून जेवतो, याचंच माणसाला केवढं वाटतं.

आमच्याकडे आले त्या दिवशी मी बांगड्याची आमटी केली होती. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "तिरफळं ताजी आहेत. गावाहून आली?"

"आमचा सायेब कोकणातलो," हे मला हळूच म्हणाले. हे नुसते फुलले होते.

जेवण झालं, सुपारी झाली. मग साहेब खुर्चीत नीट बसले नि म्हणाले, "वहिनी, आता नाव घ्या."

मी लाजले. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आता कसलं नाव? पण ते ऐकेनात.

"आणि एक अट. पुस्तकातला उखाणा नको. तुमचा हवा. ह्या माणसाचं जे तुम्हाला जिवाभावाचं वाटतं ते त्यात आलं पाहिजे."

"सायबांनू, ती लाजता," हे म्हणाले.

"लाजू दे की. तू कान बंद कर, सहदेव."

मला हसू आलं. देव्हाऱ्याकडे बघत मी म्हटलं:

समईत तेल घालते, वात करते मोठी,
सहदेवरावांची जिन्यातली हाक फक्त माझ्यासाठी.

हे लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. साहेब मात्र खुर्चीच्या टोकावर आले होते. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण ते परीक्षेला बसलेल्या पोरासारखं ऐकत होते. "कशी हाक मारतो? मला ऐकव बघू," ह्यांना म्हणाले. ह्यांनी मारून दाखवली, अर्धीमुर्धी. मग साहेब हसले. एवढ्या मोठ्यांदा, की फळीवरची भांडी वाजली.

मला ते हसणं त्या माणसाला शोभेना. अंगकाठी किरकोळ, बोलणं मऊ, आणि हसणं एखाद्या दांडगट माणसाचं. मी मनात म्हटलं, असतं एकेकाचं.

३

थोड्या दिवसांनी हे सांगायला लागले, अमका सोडून गेला. मग तमका. मग आणखी एक.

कारखान्यात आमच्या ह्यांच्या आधी लागलेली माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही, युनियनचं काही नाही. माणूस एके दिवशी सांगायचा, उद्यापासून येत नाही. साहेब त्याला हार घालायचे, नारळ द्यायचे. "आणि गंमत बघ," हे म्हणाले, "जाणारो रडत नाय. सायेबच रडतो."

कारखान्याचे मालक एक कच्छी शेठ होते. त्यांची नक्कल हे फार छान करायचे. "अरे बाबा, पगार टायमावर, बोनस टायमावर, साहेब सोना जैसा. मग जाते कुठे पब्लिक?" शेठ जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून विचारायचे. प्रत्येकजण एकच सांगायचा, असा साहेब पुन्हा मिळणार नाही. "मग राहा ना!" शेठ कपाळावर हात मारायचे. आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

मीही विचार केला. म्हटलं रंगाच्या वासाने जात असतील. पत्रा कापताना बोटं जातात, त्या भीतीने जात असतील. किंवा माणसाला चांगलं सोसत नाही, असंही असतं. पण यातलं एकही मनाला पटत नव्हतं.

मग भाजीबाजारात मालन भेटली. नगरकडची, भीमराजची बायको. भीमराज ह्यांच्याच मशीनवर होता आणि पावसाच्या आधी सोडून गेला होता. मी विचारलं, कसे आहेत?

"बरं हाय की. सोसायटीत वॉचमन लागलाय. दारू नाय, मारणं नाय, पगार हातात आणून देतोय." ती वांगी निवडत होती, निवडलेलं वांगं पुन्हा ढिगात टाकत होती. "फक्त हसत नाय बया."

"म्हणजे?"

"आधी हसला की चाळीतल्या बायका भांडायला यायच्या, पोरं जागी होत्यात म्हणून. आता त्याच येऊन इचारत्यात, मालन, घरात कोण आजारी हाय का गं?" मग तिला काही आठवलं. "तुमच्याकडंबी आलते ना सायेब? नाव घ्यायला लावलं का? मी काय घेतलंतं सांगू?

भाकरी टाकते तव्यावर, टम्म फुगते बाई,
भीमराज हसायला लागले की चाळीला झोप नाही.

सायेब लई खूश झालं. आमच्या नगरचंच हाय ना ते."

मी म्हटलं, "नगरचे? ते कोकणातले ना?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत हातातली वांगी दाबायला लागलो. भाजीवाला म्हणाला, "मावशी, घ्यायचंय का नुसतंच दाबायचंय?"

घरी येताना मला माझ्या फळीवरची भांडी वाजलेली आठवली. मोठ्यांदा हसणारे पुष्कळ असतात, असं मी स्वतःला सांगत जिना चढले.

४

नवरात्राच्या सुमाराला ह्यांची हाक बारीक झाली.

आधी मला वाटलं, घसा बसलाय. ज्येष्ठमध दिला, आल्याचा काढा दिला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरीने बघितलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणाले. बोलणंही स्वच्छच होतं. नुसती हाक काय ती रोज जरा जरा झिजत होती. शेवटाला वर चढायची ती चढेना. मग माझं नाव गळलं, नुसतं "इलंय" राहिलं. मग तेही कोणी भिंतीला सांगावं तसं.

एका संध्याकाळी मी वातीला तेल घालत होते. दिवेलागण झाली, हे अजून आले नाहीत म्हणून दारात गेले, तर हे उंबऱ्याबाहेर उभे. किती वेळ उभे होते देव जाणे. दार उघडंच होतं.

"हाक नाय मारलात?"

"मारूची होती?"

"रोज मारतात ना."

हे विचारात पडले. तुला सांगते शकु, ते नाटक नव्हतं. हिशेब चुकल्यावर माणूस जसा पुन्हा वरपासून बघतो, तसे बघत होते. मग अगदी गरीब आवाजात त्यांनी मला विचारलं, "कशी मारी मी?"

मी ह्यांना हाक मारून दाखवली. माझ्याच नावाची, माझ्याच दारात उभी राहून. ह्यांनी माझ्यामागून म्हटली. शब्द सगळे बरोबर होते.

त्या आठवड्यात हे म्हणाले, "नोकरी सोडतंय."

"का? साहेब काही बोलले?"

"छ्या! देवमाणूस तो."

"मग?"

खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या संपल्या.

"सकाळी थंय जातंय," हे म्हणाले, "आणि वाटता, मी आधीच इलेलो आसंय. मशीन लागलेली नसता, बाकडो रिकामो असता, तरी वाटता मी इलंय, बसलंय, लोकांशी बोलतंय. माझी गरज नाय थंय, प्रेमा. मी आसंयच थंय."

मग मला कळलं सगळे का जातात. म्हणजे कान ऐकत होते, मन मात्र मानत नव्हतं. मी उठून देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, थकलेत बिचारे, दुसरं काही नाही.

५

तरी मी आशा सोडली नाही. म्हटलं, साहेब एवढे मायाळू, आपण जाऊन पाया पडू. ते ह्यांना चार शब्द सांगतील, हे पुन्हा पहिल्यासारखे होतील. देवाचा नारळ घेतला आणि भर दुपारी कारखान्यात गेले.

जेवणाची सुट्टी होती. मशीन बंद होत्या. पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतड वाजत होतं, बाकी शांत. माणसं खाली झाडाखाली डबे खात बसली होती, तेव्हा मला वाटलं, साहेबही त्यांच्यातच असतील. वर ऑफिसात वनमाला नावाची बाई टाइप करायची. ती म्हणाली, "केबिनमध्ये आहेत. हल्ली दुपारचे आतच बसतात. थांबा जरा, मी जेवून आले की सांगते त्यांना." आणि डबा घेऊन खाली गेली.

"आत कोणी आहे का त्यांच्याबरोबर?" मी तिला जाता जाता विचारलं होतं.

"नाही हो. एकटेच."

मी बाकावर बसले. केबिन प्लायवूडची, वरून उघडी. दार नीट लागलेलं नव्हतं.

आधी कोणीतरी खोकलं, म्हाताऱ्यासारखं, शेवटी "हरी हरी" म्हणत. मग दुसरंच कोणी नाकातल्या नाकात पाळणा गुणगुणायला लागलं. मग एक जांभई, लांबलचक, आळोखेपिळोखे देत दिलेली. मी म्हटलं, वनमालाबाईला माहीत नसेल, आत चारपाच माणसं बसली असतील. मग भीमराजचं हसणं आलं. दाबलेलं, रजईखाली हसावं तसं, पण तेच. माझ्या फळीवर वाजलेलं.

मी नारळ घट्ट धरला. स्वतःला सांगत होते, उठ प्रेमा, दार वाजव, आत माणसं असतील.

"प्रेमा गो..."

चुकलं होतं. "गो" नको तिथे तुटला होता.

"प्रेमा गोऽ..."

आता सूर जास्त वर गेला. आतलं कोणीतरी जरा थांबलं, नाक ओढलं. मग पुन्हा, हळू, पाढा घोकावा तसं. पुन्हा. आणि मग ती आली, शकु. चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशी, शेवटाला वर चढणारी. माझी.

"प्रेमा गोऽ, इलंय!"

आणि मी उभी राहून उत्तर दिलं. माझ्या तोंडातून आपसूक आलं, हसतच आलं, "येवा, दार उघडाच आसा!"

किती दिवसांनी आली होती ती हाक. त्या एका क्षणाला मला एवढा आनंद झाला की तो कुठून आला हे मी बघितलंच नाही. त्या आनंदाची मला अजून भीती वाटते.

आत सगळं गप्प झालं. दाराच्या फटीतून साहेबांची पाठ दिसली. भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. रडत असावेत. मग ते वळायला लागले. मी एवढंच बघितलं, की वळताना तो चेहरा अजून कोणाचाच झाला नव्हता.

पुढचं बघायला मी थांबले नाही. नारळ बाकावरच राहिला. जिन्यात अर्ध्यावर होते, तेव्हा वरून ती हाक पुन्हा आली. तशीच गोड. मी कठडा धरून उभी राहिले. पळून जावं असं वाटत होतं, हे खरं. पण परत वर जावं, असंही वाटत होतं. माझ्या माणसाची हाक होती ती. मलाच बोलवत होती.

६

हे आता स्टेशनजवळ वह्यापुस्तकांच्या दुकानात असतात, तू बघतेसच. शांत माणूस. तुला वाटत असेल, स्वभावच असा आहे. संध्याकाळी येतात ते तुला ऐकू येत नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नसतं. दारात येऊन उभे राहतात. मी म्हणते, येवा. मग आत येतात.

त्या साहेबांना पुढे गोरेगावच्या मोठ्या कंपनीत जागा मिळाली. निरोपाला शेठ रडले, माणसं रडली. म्हणजे उरली होती तेवढी. आणि काल तू पेढे घेऊन आलीस. नंदकिशोरना गोरेगावला नोकरी लागली म्हणालीस, साहेब किती चांगला आहे म्हणालीस, रविवारी जेवायला येणार म्हणालीस. चंद्रप्रकाश म्हणालीस.

नोकरी सोडा, असं मी सांगणार नाही. तुझ्या सासूबाईंची औषधं चालू आहेत, तुला दिवस गेलेत, मला दिसतंय. तो माणूस आला की तुला आवडेल. तुझ्या माहेरच्या गावचा निघेल. नाव घे म्हणेल, आणि नाही म्हणणं तुला जमणार नाही, मलाही जमलं नाही. पुस्तकातलं घे, किती आग्रह केला तरी. पण बोलता बोलता तो काढून घेतोच गं काहीतरी, असं काही ऐकतो की आपणच ओंजळीने देतो.

म्हणून एक सांगते. ह्यांचं एक अजून ह्यांच्याकडे आहे. छोटंसं आहे, उखाण्यात बसत नव्हतं, म्हणून त्या दिवशी राहून गेलं. रोज नाही, पण कधीतरी नकळत करतात. तेवढ्यापुरते ते माझे पहिले सहदेव असतात. मी लगेच तोंड फिरवते, माझ्या चेहऱ्यावर दिसायला नको म्हणून. मालनला सांगितलं नाही. देव्हाऱ्यापुढे बसते तेव्हाही ओठांवर आणत नाही. देवाला सगळं दिसतं, त्याला ऐकवायचं कशाला? त्या एवढ्याशावर माझा संसार चाललाय, आणि माझी खात्री आहे, त्यातूनच पुन्हा सगळं फुटेल एक दिवस.

मालनला मी एवढंच विचारलं होतं, भीमराजचं काही राहिलंय का गं तुझ्याकडे? ती आधी नाही म्हणाली. मग बाजारात मध्येच थांबली, आणि पिशवीत तोंड घालून एकटीच हसली. मी पुढे विचारलं नाही.

तूही तसंच कर, शकु. नंदकिशोरचं एक काहीतरी बाजूला काढून ठेव, रविवारच्या आत. भिंत पातळ आहे, मला तुमच्याकडचं बरंच ऐकू येतं, पण मी कुठलं सुचवणार नाही. तुझं तू निवड.

बघ, आत्ता आलं ना काहीतरी मनात? गाल बघ कसे झालेत तुझे. तेच. तेच ठेव.

नको, तोंड उघडू नकोस. मलाही सांगू नकोस.